रात्रीची जळजळ आणि मोडलेली झोप

रात्री अडीचला जाग येते. तोंडात आंबट पाणी, छातीच्या मधोमध आग, कोरडा खोकला. सकाळी मात्र घरात सांगणे होते ते एवढेच की हल्ली झोप लागत नाही. मग झोपेच्या गोळीची चौकशी सुरू होते. आम्ही म्हणतो, आधी जेवणाची वेळ विचारा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. ती सैल पडली की जठरातले आम्ल वर चढते. दिवसा आपण उभे-बसलेले असतो, सारखी लाळ गिळतो, त्यामुळे ते लवकर खाली जाते. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणेही फारच कमी होते. वर आलेले आम्ल मग तिथेच रेंगाळते.

म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. साडेदहाला दुकान बंद करून येणाऱ्याला हे सांगणे सोपे, जमायचे कसे? त्याने पोटभर जेवण दुपारी करावे आणि रात्री खिचडी किंवा भाकरी-भाजीवर भागवावे. दावतीची बिर्याणीही दुपारचीच बरी. रमजानमध्ये सहरी भरपेट, फज्र पढली की लगेच अंथरूण, हीच चूक रोज पहाटे होते. सहरीत तळलेले टाळावे, नमाजनंतर थोडे चालावे. पडायचेच असेल तर पाठ टेकून बसल्यासारखे.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवल्या तर कंबरेत घडी पडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

आता कुशीचे. डाव्या कुशीवर जठराचे तोंड आम्लाच्या वर राहते, उजव्या कुशीवर ते आम्लात बुडते. उजव्या कुशीवर झोपण्याची सुन्नत आपण मुलांना लहानपणीच शिकवतो, म्हणून हे ऐकून वडीलधारी मंडळी थबकतात. उजव्या कुशीवर पडून दुआ पढावी, मग डावीकडे वळावे. झोपेत रात्रभर एकच कूस कोणाची राहते? तंबाखू आणि मिश्री मात्र सुटायलाच हवी. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, एवढेच.

घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, घाम फुटला, तर पित्त समजून बसू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. झोपताना भरल्या पोटी घेतली तर तिचा गुण कमी येतो. रमजानमध्ये सहरीची वेळ लावली असेल, तर उठल्याउठल्या आधी गोळी, मग चूल.