संधीची वाट कां पाहावी ?

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे शाळा सोडून गेलेले विद्यार्थी अधूनमधून भेटावयास येतात. "सध्यां काय चाललें आहे ?" असा प्रश्न केला, तर बहुतेकांकडून एकच उत्तर ऐकूं येतें : "चांगल्या संधीची वाट पाहत आहें." कोणी नोकरीची वाट पाहत असतो, कोणी प्रवेशाच्या दुसऱ्या यादीची, तर कोणी मामांनीं दिलेल्या शब्दाची. हीं मुलें आळशी असतात असें मुळींच नाहीं. पुष्कळशीं हुषार व कष्टाळूहि असतात. परंतु कोणीतरी बोलाविल्याशिवाय कामास हात घालावयाचा नाहीं, अशी त्यांच्या मनाची ठेवण होऊन गेलेली असते. वर्गांत हात वर करावयाचा आणि गुरुजींनीं नांव घेतल्यावरच उठावयाचें, ही शिस्त योग्यच आहे. पण शाळेबाहेर पडल्यावरहि मनुष्य जन्मभर हात वर करून बसून राहिला, तर त्यास शिस्त म्हणतां येणार नाहीं. ह्या विषयावर आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईबापांशीं चार शब्द बोलावे, अशी इच्छा आहे.

संधि ह्या शब्दाचा मूळ अर्थच सांधा असा आहे. दोन वर्ण एकमेकांजवळ आले म्हणजे त्यांचा संधि होतो, हें व्याकरणांत आपण शिकतों. दूर राहून संधि झाल्याचें एकहि उदाहरण व्याकरणांत सांपडत नाहीं. व्यवहारांतहि तसेंच आहे. एका बाजूस काम उभें असतें, दुसऱ्या बाजूस मनुष्य उभा असतो. मनुष्य कामाच्या जवळ गेला म्हणजे सांधा जुळतो. आपण मात्र संधीस एखाद्या पाहुण्यासारखें मानून तिच्यासाठीं दारांत डोळे लावून बसतों.

एके काळीं वाट पाहण्यास सबळ कारण असे. आपलें लिहिणें चार लोकांपुढें यावें असें वाटलें, तर छापखाना, कागद आणि पैसा हवा. एखादें शास्त्र शिकावयाचें, तर तें शिकविणारा गुरु ज्या शहरीं असेल तेथें जाण्याची ऐपत हवी. तरीहि त्या काळीं न थांबणारीं माणसें निघालीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' पत्र सुरू केलें, तेव्हां त्यांचें वय विशीच्या आसपासच होतें. मराठी वृत्तपत्राची परंपराच तेव्हां नव्हती. तेव्हां 'संपादक पाहिजे' अशी जाहिरात त्यांच्या वाचनांत येण्याचा संभवच नव्हता. आधीं त्यांनीं जागा निर्माण केली, आणि मग ती भरली.

त्या छापखान्याचें पुष्कळसें काम आज इंटरनेट करतें. लिहिलेलें प्रसिद्ध करण्यास, केलेलें दाखविण्यास, दूरच्या जाणत्या माणसास प्रश्न विचारण्यास पूर्वींइतका खर्च राहिलेला नाहीं. आपल्या सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या 'स्वयम्' ह्या योजनेंतून नामांकित प्राध्यापकांचीं व्याख्यानें घरबसल्या व विनामूल्य ऐकावयास मिळतात. दार उघडें आहे. आंत जाण्यासाठीं कोणाची चिठ्ठी लागत नाहीं. अशा वेळीं दाराबाहेर बसून राहणें हें नशिबापेक्षां संवयीचें काम होय.

आपल्या शेजारच्या बांगला देशांतील एक उदाहरण घ्या. २००३ सालापर्यंत संगणकावर बंगाली लिहिणें हें किचकट काम होतें. मेहदी हसन खान नांवाच्या, अठरा वर्षांच्या आसपास वय असलेल्या एका विद्यार्थ्यास ही अडचण खुपूं लागली. कोणी त्याची नेमणूक केली नव्हती, कोणी वेतन देऊं केलें नव्हतें. त्यानें स्वतः खटपट करून 'अभ्र' नांवाची एक रचना तयार केली, व २६ मार्च २००३ रोजीं, म्हणजे आपल्या देशाच्या स्वातंत्र्यदिनीं, ती इंटरनेटवर सर्वांस फुकट दिली. रोमन अक्षरांच्या कळा दाबाव्या आणि पडद्यावर बंगाली अक्षरें उमटावीं, अशी तिची सोय. पुढें तो मैमनसिंग येथील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकला; वैद्यकीचा अभ्यास सांभाळून, मित्रांच्या साह्यानें, त्यानें हें काम चालूंच ठेवलें. आपल्या श्रमाचें मोल त्यानें मागितलें नाहीं. मातृभाषा लिहिण्यासाठीं कोणास पैसे मोजावे लागूं नयेत, एवढीच त्याची दृष्टि होती. २०२५ सालीं त्यास व त्याच्या तीन सहकाऱ्यांस 'एकुशे पदक' हा तेथील मोठा राष्ट्रीय सन्मान देण्यांत आला. सन्मान बावीस वर्षांनीं आला; काम मात्र पहिल्याच दिवशीं सुरू झालें होतें. ह्या दोन तारखांमधील अंतर आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण फिनलंड देशाचें. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, संगणक चालविणारी एक मूळ प्रणाली आपण हौसेखातर रचीत आहों, असें जाहीर केलें आणि अनोळखी लोकांकडून सूचना मागविल्या. काम पुरें होईपर्यंत तें झांकून ठेवावें, असें त्याला वाटलें नाहीं. जगभरच्या शेंकडों लोकांनीं त्यांतील दोष दाखविले, दुरुस्त्या पाठविल्या, आणि 'लिनक्स' वाढत गेलें. आज आपल्या घरोघरीं जे अँड्रॉइडचे मोबाईल आहेत, त्यांच्या मुळाशीं हेंच लिनक्स आहे. अपुरें काम लोकांपुढें ठेवण्यास धैर्य लागतें. पण त्यावांचून तें पुरेंहि होत नाहीं.

"हीं थोरांचीं उदाहरणें झालीं, आम्हांस संगणकाची विद्या कोठें येते?" असें कोणी विद्यार्थी म्हणेल. बरें, आपण घराजवळच पाहूं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें मराठी मातृभाषा असणारे लोक आठ कोटी तीस लक्षांच्या घरांत आहेत. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. हा कोणीहि वाचावा आणि कोणीहि वाढवावा असा ज्ञानकोश आहे. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांतील लेखांची संख्या एक लक्षाच्या आसपासच घोटाळत आहे, आणि त्यांपैकीं पुष्कळ लेख दोनचार ओळींचेच आहेत. केतकरांनीं गेल्या शतकांत ज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले, तेव्हां भांडवल उभारण्यापासून सर्व भार त्यांस वाहावा लागला. आज तसला भार कोणावर नाहीं, तरी पानें रिकामीं आहेत. आपल्या गांवची नदी, तेथील बाजार, तेथें होऊन गेलेली एखादी कर्तबगार स्त्री, ह्यांविषयीं कोण लिहिणार ? ज्याला त्यांची माहिती नाहीं तो तर लिहूं शकत नाहीं. आणि ज्याला आहे तो कोणी विचारील म्हणून थांबला आहे.

आमच्या परिचयाचा नववींतील एक मुलगा मात्र थांबला नाहीं. त्यानें आपल्या गांवच्या जुन्या बारवेविषयीं दहा ओळी लिहून विकिपीडियावर घातल्या. दोन दिवसांनीं पाहतो, तों त्यांतील बहुतेक मजकूर कोणीं काढून टाकला होता. कारण एवढेंच दिलें होतें कीं, आधार नाहीं. मुलगा पंधरा दिवस रुसून बसला. बारव अमुक राजानें बांधली असें त्याचे आजोबा सांगत, आणि आजोबांचा शब्द खोटा ठरविणारा हा कोण, असा त्याचा सवाल. शेवटीं त्याच्या बाईंनीं त्यास ग्रंथालयांत पाठविलें. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत बारवेचा दोन ओळींचा उल्लेख सांपडला. राजाचें नांव मात्र सांपडलें नाहीं. मग त्यानें जेवढ्यास आधार होता तेवढेंच पुन्हां लिहिलें, पायऱ्या मोजल्या, छायाचित्र काढून जोडलें. राजाची गोष्ट त्यानें आपल्या वहींत, आजोबांच्या नांवानें, निराळी उतरून ठेवली. लेख आतां सहा ओळींचा आहे, पण तो टिकला आहे. ऐकीव गोष्ट कोणती आणि सिद्ध गोष्ट कोणती, हा भेद त्या मुलास जन्मभर पुरेल. असा धडा एखाद्या पुस्तकांतून इतक्या लवकर पचला असता कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंकाच आहे.

लिहिण्याचा कंटाळा असेल, तर नकाशा काढा. स्टीव्ह कोस्ट ह्या लंडनमधील विद्यार्थ्यानें २००४ सालीं 'ओपनस्ट्रीटमॅप' नांवाचा, सर्वांनीं मिळून काढावयाचा नकाशा सुरू केला. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां तेथील राजधानीचा तपशीलवार नकाशा मदत करणाऱ्यांजवळ नव्हता. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनीं आपापल्या घरीं बसून, आकाशांतून काढलेल्या चित्रांवरून रस्ते व वस्त्या रेखाटल्या, आणि थोड्याच दिवसांत तो नकाशा मदतकार्यास उपयोगी पडला. त्यांस कोणी बोलावणें पाठविलें नव्हतें. आपल्या वाडीचा रस्ता, दवाखाना, पाणवठा हीं त्या नकाशावर आहेत काय, हें किती मुलांनीं पाहिलें आहे ?

आतां आईबापांचें म्हणणें ऐकणें प्राप्त आहे. "मोबाईल हातीं दिला, तर मुलगा ज्ञानकोश लिहीत बसेल, कीं अंगठ्यानें चित्रें सरकवीत बसेल ?" ही भीति अनाठायीं नाहीं. तेंच यंत्र वेळ खातें, आणि त्यांत फसविणारीं माणसेंहि वावरतात. म्हणून कांहीं मर्यादा हव्यातच. काम कोणतें, किती वेळ आणि कोणासमक्ष, हें आधीं ठरावें. घराचा पत्ता, शाळेचें नांव, स्वतःचीं छायाचित्रें अनोळखी लोकांस देऊं नयेत. २०२३ सालीं आपल्याकडे संमत झालेल्या कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीस मूलच मानलें आहे, व तिची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. परंतु मर्यादा म्हणजे मज्जाव नव्हे. विहिरींत बुडण्याची भीति असते म्हणून शहाणा बाप मुलास पोहावयास शिकवितो, व शिकवितांना स्वतः कांठावर उभा राहतो. मुलानें काय केलें, हें रोज रात्रीं पांच मिनिटें त्याच्याजवळ बसून पाहणारा बाप किंवा आई असेल, तर निम्मी भीति तेथेंच सरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरांत एकच मोबाईल आहे, आणि तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलास आम्ही कोणत्या तोंडानें 'पुढाकार घे' म्हणून सांगावें ? हें आम्हांस मान्य आहे. स्वावलंबनाचा उपदेश करून मोकळें होणें फार सोपें असतें. नोकऱ्या निर्माण करणें, शिष्यवृत्त्या देणें, गांवोगांव साधनें पोंचविणें हें ज्यांचें कर्तव्य आहे, त्यांस आमच्या ह्या लेखाची सबब मिळूं नये. शाळेनेंहि आपला वांटा उचलला पाहिजे. संगणकाची खोली शाळा सुटल्यावर तासभर उघडी ठेवणें, आणि तेथें एका शिक्षकानें बसणें, हें फार खर्चाचें काम नाहीं. चार मुलांनीं एका यंत्राभोंवतीं बसून एक लेख लिहिला, तर तो चौघांचाहि होतो. त्यांत कमीपणा नाहीं.

विद्यार्थ्यांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढाकार निराळा आणि प्रदर्शन निराळें. आपलें छायाचित्र किती लोकांनीं पाहिलें हें मोजीत बसणें म्हणजे पुन्हां वाट पाहणेंच होय; फक्त नोकरीच्या ऐवजीं टाळ्यांची. त्याचप्रमाणें, आतां सांगितलेला निबंध क्षणांत लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांस प्रश्न विचारून शिकावें. परंतु त्यांनीं लिहिलेलें आपलें म्हणून पुढें करूं नये. तशानें पान भरेल, पण लिहिणारा होता तसाच कोरा राहील. ज्या कामांत आपली चूक निघूं शकते, आणि ती आपल्यालाच दुरुस्त करावी लागते, तेंच काम आपलें.

तेव्हां ह्या सुटींत एक लहानसें काम निवडा : आपल्या गांवाविषयींचा एक लेख, आपल्या वाडीचा नकाशा, किंवा धाकट्या भावंडांसाठीं गणिताचा एक सोपा धडा. रोज अर्धा तास द्या. पहिला प्रयत्न फसेल, कोणीतरी चूक काढील. ती सुधारा आणि पुन्हां लोकांपुढें ठेवा. त्यांतून नोकरी मिळेलच असें वचन आम्ही देत नाहीं, कारण तें आमच्या हातीं नाहीं. परंतु पुढच्या वर्षीं भेटावयास याल, तेव्हां "काय चाललें आहे ?" ह्या प्रश्नास तुमच्यापाशीं दुसरें कांहीं उत्तर असेल, आणि तें ऐकावयास आम्ही उत्सुक आहों.