लोकरीच्या कपड्याची जोडणी : सुई कीं क्रोशा ?

लोकरीचा स्वेटर विणणाऱ्या एखाद्या मुलीला, या कामांत तुला सर्वांत कंटाळवाणें काय वाटतें, असें विचारून पाहावें. ती विणण्याचें नांव घेणार नाहीं. पाठ, पुढा, दोन बाह्या आणि गळ्याची पट्टी असे सारे तुकडे तिनें हौसेनें विणलेले असतात. आगगाडींत विणले, आजीशीं गप्पा मारतां मारतां विणले, अभ्यासाचें पुस्तक मांडीवर उघडें ठेवून विणले. पण ते तुकडे एकत्र जोडण्याची वेळ आली म्हणजे तिचा हात मागें येतो. तुकडे पिशवींत, पिशवी ट्रंकेंत आणि ट्रंक पलंगाखालीं ! ज्या भावासाठीं विणकाम आरंभिलें, त्याची थंडी तशीच निघून जाते. अशा अर्धवट स्वेटरांची कोणीं शिरगणती केली, तर पुष्कळ घरांतून एखादा तरी निघेल असें मला वाटतें. माझ्या घरांतून दोन निघतील, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, विणलेले तुकडे सुईदोऱ्यानें शिवण्याऐवजीं क्रोशाच्या सुईनें जोडणें ही पळवाट नव्हे. ती एक स्वतंत्र रीत आहे, आणि पुष्कळ प्रसंगीं ती अधिक शहाणपणाची ठरते. विणकामाच्या वर्गांतून तिला जें दुय्यम स्थान दिलें जातें, तें योग्य नाहीं. हें म्हणण्याचा अधिकार मला कसा प्राप्त झाला, तें सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. कारण तिला दुय्यम लेखणाऱ्यांत मीहि एक होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी विणकामाचा वर्ग घेत असतांना नववींतल्या एका मुलीनें धाकट्या भावासाठीं गर्द निळ्या लोकरीचा स्वेटर विणून आणला. लोकर नवी नव्हती. वडिलांचा जुना स्वेटर उसवून, त्याच्या लडी करून, त्या धुवून आणि खालीं वजन टांगून वाळवून तिनें ती लोकर पुन्हां सरळ केली होती. विणकाम सुरेख होतें. परंतु कपडा उलटा करून पाहतांच बगलेखालीं साखळीची एक उंच कड मला दिसली.

"हें काय ग ?" मीं विचारलें.

"क्रोशानें जोडलें, बाई. मावशीनें शिकविलें."

"तें चालणार नाहीं. हें उसव आणि नीट शिवून आण."

तिनें माझ्या देखतच शेवटचा फांसा सोडविला, लोकरीचें टोंक धरून ओढलें, आणि कमरेपासून बगलेपर्यंतची सारी जोड पाहतां पाहतां मोकळी झाली. "पाहिलेंस ? इतकें कच्चें काम !" असे उद्गार माझ्या तोंडून निघाले. जें दृश्य पाहून मीं शिकावयाचें, तेंच पाहून मीं तिला उपदेश केला.

तिनें तो स्वेटर लोकर दुहेरी घेऊन, घट्ट टीप घालून शिवून आणला. मीं पूर्ण गुण दिले. पुढील हिंवाळ्यापर्यंत भाऊ चांगलाच वाढला. स्वेटर उसवून, थोडी दुसऱ्या रंगाची लोकर मिळवून तो पुन्हां मोठा विणावा, असा तिनें बेत केला आणि प्रथम शिवण उसवावयास घेतली. वर्षभराच्या धुण्यानें शिवणीची लोकर विणीशीं एकजीव झालेली. निळ्यावर निळा टांका; तोहि रात्रीच्या दिव्याखालीं. कात्री शिवणीवर चालावयाची ती पाठीच्या विणीवर चालली, आणि एकदां नव्हे, अनेकदां. कांठाजवळ विणीचा धागा कापला गेला म्हणजे ती ओळ तेथें तुटली. मग उसवतांना अखंड लोकर न निघतां हातभर लांबीचे तुकडे निघूं लागतात. ती मला तें दाखवावयास आली तेव्हां रडत नव्हती. "बाई, आतां गांठी मारीतच विणावें लागेल ना ?" एवढेंच तिनें विचारलें. वडिलांच्या अंगावरून मुलाच्या अंगावर आलेली ती लोकर माझ्या नियमापायीं तुटली होती. तिच्या मावशीची रीत मीं त्या रात्रीं प्रथमच स्वतःच्या हातानें करून पाहिली.

ती रीत अशी. दोन तुकडे सुलट बाजू आंत व उलट बाजू बाहेर राहील अशा प्रकारें एकमेकांवर ठेवावे आणि सेफ्टी-पिना लावून त्यांचीं टोंकें व मध्य जुळवून घ्यावे. क्रोशाची सुई दोन्ही कांठांतून आरपार घालावी, पाठीमागें धरलेल्या लोकरीचा एक फांसा पुढें ओढावा; मग पुढच्या जागीं सुई घालून नवा फांसा दोन्ही कांठांतून आणि सुईवर अगोदर असलेल्या फांशांतून एकदम ओढून घ्यावा. इतकेंच. वरून एक साखळी तयार होत जाते आणि खालीं दोन तुकडे जोडले जातात. सुईंत दोरा ओवावा लागत नाहीं. लोकर सरळ गुंड्यांतून येते. त्यामुळें शिवतांना तोच तो धागा शंभर वेळां विणींतून ओढल्यानें जसा पिंजतो, तसा येथें पिंजत नाहीं.

खरी चूक होते ती टांके कोठें घ्यावयाचे यांत. खांद्यावर, जेथें दोन्ही बाजूंस बंद केलेल्या टांक्यांचे कांठ असतात, तेथें एकास एक घ्यावा. कांहीं विचार करावा लागत नाहीं. परंतु बगलेखालच्या उभ्या कांठाला ओळी असतात, आणि ओळ ही टांक्याहून आंखूड असते. मध्यम जाडीच्या लोकरीच्या साध्या विणींत १० सेंटिमीटर रुंदींत सुमारें २२ टांके बसतात, तर तेवढ्याच उंचींत सुमारें ३० ओळी. प्रत्येक ओळींत साखळीचा एक टांका घेतला, तर ३० टांके २२ टांक्यांच्या जागेंत कोंबल्यासारखे होतात आणि कांठ झालरीसारखा लाटा मारतो. म्हणून तीन ओळींत टांका घ्यावा, चौथी सोडावी. याच्या उलट फार टांके सोडले किंवा हात घट्ट राहिला, तर शिवण आखडते आणि कपडा बगलेकडे ओढला जातो. क्रोशाची सुई विणण्याच्या सुईएवढी किंवा तिच्याहून किंचित् जाड घ्यावी. आणि खरेदी करतांना हें ध्यानांत ठेवावें कीं, विणण्याच्या सुयांचे जे जुने क्रमांक आपल्या बाजारांत चालतात ते उलटे आहेत, ८ क्रमांकाची सुई १० क्रमांकाहून जाड असते.

ज्या मुलीला हें मोजमाप जमत नसेल तिनें विणतांनाच प्रत्येक ओळीचा पहिला टांका न विणतां नुसता दुसऱ्या सुईवर उतरवून घ्यावा. त्यानें कांठाला दोन दोन ओळींची एकेक कडी असलेली साखळी आपोआप येते, आणि जोडतांना कडीला कडी लावीत जातां येतें. कड्या ओळींच्या निम्म्याच असल्यामुळें येथें मात्र हात मुद्दाम सैल ठेवला पाहिजे.

आतां 'कच्चें काम' हा जो माझाच आक्षेप होता, त्याकडे वळूं. बाजारांतून आणलेल्या धान्याच्या पोत्याचें तोंड आपण सर्वांनीं उघडलें आहे. योग्य टोंकाचा दोरा सांपडला तर तें सर्रकन उघडतें. चुकीच्या टोंकाशीं कितीहि झटापट केली तरी उघडत नाहीं, आणि शेवटीं घरांतील कर्ता पुरुष विळी मागतो. ती यंत्राची साखळी-शिवणच असते. तिच्यावर पन्नास किलो धान्याचा भार सोंपविलेला असतो, आणि हमालाच्या पाठीवरून आपटलें तरी पोतें फुटत नाहीं. क्रोशाच्या जोडीचा स्वभाव नेमका असाच आहे. ती जेथें संपली त्या टोंकाकडूनच उसवते. शेवटच्या फांशांतून लोकर ओढून घेऊन तें टोंक वीतभर आंत ओवून टाकलें, म्हणजे ती मालकिणीच्या इच्छेवांचून सुटत नाहीं. इतकेंच काय, कारखान्यांत यंत्रावर विणलेल्या चांगल्या स्वेटरांचे गळे ज्या लिंकिंग यंत्रावर जोडतात, त्याच्या वाटोळ्या तबकडीच्या दांत्यांवर एकेक टांका ओवून साखळी-टांक्यानेंच जोड घालतात. जें दुकानांतल्या किंमती कपड्याला चालतें, तें आमच्या परीक्षेच्या टेबलावर कच्चें कां ठरावें ?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. क्रोशाची जोड आंतून जाड होते. सुलट बाजू वर ठेवून, दोन्ही कांठांच्या आंतील आडव्या दांड्या आळीपाळीनें उचलीत जी अदृश्य शिवण घालतात, तिची सफाई क्रोशाला साधत नाहीं, हें मी निःशंकपणें मान्य करतें. तान्ह्या मुलाच्या कोवळ्या अंगाला ती कड रुतते. तेथें क्रोशा नकोच. उंच नक्षी किंवा पट्टे तंतोतंत जुळवावयाचे असतील तेथेंहि सुईच बरी, कारण ती उजव्या बाजूनें चालते आणि डोळ्यांना नक्षी दिसत राहते. लोकरहि क्रोशाला जास्त लागते. पण खांद्याला थोडी जाडी हवीच असते. स्वेटरचा सारा भार खांद्यावर लोंबतो, आणि तेथें पक्की कड नसेल तर बाह्या हळूहळू कोपराकडे उतरूं लागतात. शाळेच्या मुलामुलींचे स्वेटर तर सदऱ्यावरून घालावयाचे. त्यांना आंतली कड कोठें बोचणार?

तिसरा आक्षेप कोणी स्पष्ट बोलत नाहीं, परंतु तो मनांत असतो : सोपें तें हलकें. क्रोशाच्या वाट्याला हा तुच्छभाव फार दिवसांपासून आला आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून घोर दुष्काळ सुरू झाला, तेव्हां कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन मठांतल्या भगिनींनीं व इतर अनेकांनीं गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस विणावयास शिकविलें. मूळ नमुना व्हेनिसच्या सुईनें केलेल्या मूल्यवान लेसचा. सुईला ज्या कामास फार काळ लागे, त्याच्याशीं मिळतें काम क्रोशानें पुष्कळच लवकर होई. ही नक्कल आहे, असें म्हणणारे तेव्हांहि होते. पण त्या नकलेच्या पैशावर उपाशी घरांत पीठ आलें, आणि पुढें 'आयरिश क्रोशा' हें एका स्वतंत्र कलेचें नांव झालें. आपल्या देशांतहि आंध्रांतील नरसापूरच्या बाजूला एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं ही कला नेली. तेथील लेस परदेशीं जाऊं लागली. मात्र विणणाऱ्या स्त्रियांच्या हातीं त्यांतले किती थोडे पैसे पडत, हें मारिया मीस या विदुषीनें १९८२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. त्या वाचनापासून, कमी वेळांत होणाऱ्या कामाला कोणी आळशाचें काम म्हटलें कीं मला राहवत नाहीं. स्त्रीच्या हातचा वेळ फुकटचा धरला, तरच असें बोलतां येतें.

आजकाल बहुतेक मुली विणतात ती खरी लोकर नसून अ‍ॅक्रिलिकचा धागा असतो. तो स्वस्त असतो, रंग सुंदर असतात, आणि आमच्याकडच्या दोन महिन्यांच्या थंडीला पुरतो. परंतु तो गुळगुळीत असतो. लोकरीच्या धाग्याला जशी स्वतःची पकड असते तशी याला नसते. आंत ओवलेलीं टोंकें चार धुण्यांत बाहेर डोकावूं लागतात. शिवणींत दर हात-दोन हातांवर दोरा संपतो आणि टोंकांची संख्या वाढते. क्रोशाच्या जोडीला आरंभीं एक व शेवटीं एक, अशीं दोनच टोंकें. ज्या धाग्याला पकड नाहीं, त्याला टोंकें जितकीं कमी तितकीं बरीं.

कोणी म्हणेल, जोडच नको; वाटोळ्या सुईवर अखंड विणावें. एलिझाबेथ झिमरमन या बाईंनीं १९७१ सालच्या आपल्या पुस्तकांत या अखंड विणीचा मोठ्या विनोदी रीतीनें पुरस्कार केला आहे, आणि पुष्कळ स्त्रियांना तो पटलाहि. मला तो अर्धा पटतो. बाही अखंड विणावी. परंतु सबंध स्वेटर मांडीवर घेऊन बसमध्यें विणतां येत नाहीं, आणि जड कपड्याला शिवणीचा कणा नसला तर तो लोंबतो. शिवाय तुकडे सुटे असले, तर नुसती झिजलेली बाही काढून नवी लावतां येते. क्रोशानें जोडलेली असेल तर तें काम एका दुपारचें.

सध्यां माझ्या वर्गांत मुलींना दोन्ही रीती शिकाव्या लागतात. वहीएवढे दोन चौकोन विणून त्यांची एक बाजू सुईनें, दुसरी क्रोशानें जोडावयाची. नंतर तो नमुना धुवून, वाळवून, दोन्ही जोडी उसवून दाखवावयाच्या. उसवण्याला निम्मे गुण आहेत. कोणती रीत कोठें वापरावयाची तें त्यांचें त्यांनीं ठरवावें. मी फक्त कारण विचारतें. एकीनें गेल्या वर्षीं बगला सुईनें शिवल्या आणि खांदे क्रोशानें जोडले. कारण विचारतां ती म्हणाली, "बाई, खांद्यावर दप्तर येतें." मला तें सुचलें नव्हतें.

त्या निळ्या स्वेटरचें सांगावयाचें राहिलें. तो गांठी मारूनच पुन्हां विणला गेला. सर्व गांठी तिनें आंतल्या बाजूस घेतल्या होत्या. बाहेरून पाहणाराला कांहीं कळलें नसतें. जोडणी मीं माझ्या हातानें क्रोशानें करून दिली, आणि शेवटचा फांसा कोठें आहे तें तिला दाखवून ठेवलें. माझ्या ट्रंकेंतल्या दोहोंपैकीं एक स्वेटर मागच्या दिवाळीच्या सुटींत याच रीतीनें पुरा झाला. दुसऱ्याची एक बाही अद्याप विणावयाची आहे.