रस्ता गाड्यांचा की माणसांचा?

चंद्रपुरास गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे. त्याच्या चार वेशींपैकी जटपुरा गेट ही शहरात शिरण्याची मोठी वाट. हत्तीघोडे व बैलगाड्या यांच्यासाठी केलेल्या त्या कमानीपाशी आज मोटारी, फटफट्या, ऑटो व पायी माणसे यांची रेटारेटी चालते. परकोट हा वाडवडिलांचा ठेवा. तो पाडा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की, या अरुंद वाटेवर पहिला हक्क कोणाचा?

एकदोन माणसांस घेऊन जाणाऱ्या तीन मोटारी जेवढी जागा अडवितात, तेवढ्या जागेत एक बस चाळीसपन्नास माणसे नेते. हा हिशेब चौथीतले पोरही करील. सरकारासही तो ठाऊक आहे. 2006 सालच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात, रस्त्याची वाटणी वाहनांकडे नव्हे तर माणसांकडे पाहून व्हावी, हेच तत्त्व सांगितले आहे. पण धोरण लिहिणारा एक व रस्ता आखणारा दुसरा. आखणारा बहुधा मोटारीत बसून जातो. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई वा सुपेटोपल्या आणणारा बुरूड त्याच्या दृष्टीस पडतो, तो केवळ अडथळा म्हणून!

17 मार्च 2023 पासून एस.टी.त स्त्रियांस अर्धे तिकीट झाले, ही गोष्ट चांगली झाली. परंतु मूल, सावली, गोंडपिपरी, चामोर्शीकडून आलेल्या बाईने एस.टी.त वाचविलेला पैसा स्टँडापासून इस्पितळापर्यंतच्या ऑटोस द्यावा लागला, तर तिच्या पदरात काय पडले? ऑटोवाले आमचेच भाऊ आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते गरिबाची वाट अर्ध्यावर सोडणाऱ्या कारभाराशी.

नागपुरास 2014 साली सुमारे 38 किलोमीटर मेट्रोसाठी 8,680 कोटी रुपये मंजूर झाले. तिची हाव आपण धरू नये. 16 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र मंत्रिमंडळाने शहरांसाठी 10,000 विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली. तीत तीन लाख व त्यावरील वस्तीची शहरे घेतली असून, जेथे धड बससेवा नाही त्यांस अग्रक्रम आहे. 2011 च्या शिरगणतीत चंद्रपूरची वस्ती 3,20,379 होती. म्हणजे आपले शहर या मापात बसते. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहराने 2000 साली बसगाड्यांस रस्त्याचा निराळा पट्टा देऊन त्यांचा मार्ग मोकळा केला. श्रीमंत देशाचे ते काम नव्हते.

म्हणून आमचे मागणे असे: एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशन, इस्पितळ, कचेरी व बाजार यांस जोडणारी बस ठरल्या वेळी धावावी. खेड्यांतून येणाऱ्या एस.टी.शी तिची वेळ जुळावी. पायी चालणाऱ्यास सलग पायवाट असावी. बुरूड, कुंभार, भाजीवाल्या यांस बसण्याची जागा ठरवून मिळावी. गडचिरोली शहरही वाढत आहे. तेथे हे आधीच करावे, म्हणजे पुढे पाडापाडी नको.

शेतकऱ्याचा पैसा कोणाच्या सुखासाठी खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविले. साबणाच्या वडीवरही कर भरणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी तोच जाब आज विचारावा. रडल्याशिवाय आईही पाजीत नाही. येत्या ग्रामसभेत ठराव करा, सह्याअंगठे घ्या, आणि तो कलेक्टर व महानगरपालिका यांजकडे धाडा. शहर आपल्या धान्यावर जगते. त्याच्या रस्त्यावर आपला वाटा मागण्यात लाज कसली?