दोन हिरवे

लोहार उष्णतामापक वापरीत नाही. लोखंड तांबडे, लालबुंद, मग पिवळे झालेले पाहून तो घण उचलतो. परंतु लोखंड रसरसेपर्यंत त्याची विद्या मुकीच. सध्या मी ज्या काचेच्या नादी लागलो आहे, ती मात्र उन्हाळ्यातल्या साध्या उकाड्याचीही खबर रंगानेच देते. मराठीचा मास्तर काचेवर लिहितो म्हणून भुवया उंचावू नका. छटा ओळखणे हा आमचा धंदाच आहे!

या काचेत एर्बियम आणि इटर्बियम ही मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळतात. दोघांची नावे स्वीडनमधल्या इटर्बी या एकाच खेड्यावरून पडली. तेव्हा गाववालेच म्हणायचे. ९८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा किरण काचेवर सोडला की इटर्बियम तो गिळते आणि ती ऊर्जा एर्बियमच्या पदरात टाकते. असे दोन घास मिळाले की एर्बियम हिरवे उजळते. पण हिरवे दोन! एक ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, तो वरच्या पायरीवरून येतो. दुसरा ५४५ च्या जवळचा, खालच्या पायरीवरचा. काच तापली की अधिक अणू वरच्या पायरीवर चढतात आणि पहिला हिरवा दुसऱ्याच्या मानाने वधारतो. दोघांचे गुणोत्तर काढले की उष्णतामान कळले. काचेवर धूळ बसली तर दोघेही जवळजवळ सारखेच फिकटतात, हिशेब सहसा चुकत नाही.

साध्या काचेत एर्बियमची बरीच ऊर्जा काचेच्या कंपनांत विरून जाते. म्हणून काच बेताने पुन्हा तापवून तिच्या पोटात फ्लोराइडचे, मिलिमीटरच्या काही लक्षांशांएवढे स्फटिक वाढवितात. एर्बियम त्यांत जाऊन बसते, आणि काच पारदर्शकच राहते. वँग आणि ओहवाकी यांनी १९९३ साली अशी काच करून दाखविली.

एवढा खटाटोप कशाला? विजेच्या मोठ्या ट्रान्स्फॉर्मरमधील तारांच्या गुंडाळीवर कागद असतो. सर्वांत तापलेली जागा सुमारे ६ अंशांनी अधिक तापली की साधा कागद दुप्पट वेगाने जीर्ण होतो. तो फाटला की सारी वस्ती अंधारात. तेथे उच्च दाबामुळे धातूची तार घालणे धोक्याचे. काचेच्या तंतूला विजेचे भय नाही. टोकाला दुसरे चमकणारे पदार्थ लावलेले तंतू तेथे वापरातही आहेत. आमची एर्बियमची काच मात्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. तिची एक खोड आहे : किरण जोराचा सोडला तर ती त्यानेच तापते, आणि गुंडाळीचा ताप सांगायचा सोडून स्वतःचाच सांगत बसते.