नाटक संपू तर द्या!

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसाशी भांडू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. मात्र चकली वातड झाली असेल तर ती वातड आहे असे म्हणण्याची मुभा आमच्या आजीने सर्वांना देऊन ठेविली होती. अट एवढीच, की आधी खाऊन पाहावी. न खाताच ताट उधळणाऱ्याला आमच्याकडे पुढच्या वर्षी बोलावणे जात नसे. आज नाटकाविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते या चकलीच्याच न्यायाने म्हणणार आहे. मी पदवीधर नाही, समीक्षक तर नाहीच नाही. मुलांना मराठी शिकवितो, चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि तिकीट काढून नाटके पाहतो. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

सन २०२४ च्या जानेवारीत, ६ आणि ७ तारखेला, आमच्या चिंचवडात शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. पाळी, ओव्हरटाइम आणि कंपनीची बस यांत ज्यांचा दिवस संपतो, त्या आम्हां कारखान्यांच्या गावकऱ्यांना केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! अध्यक्ष होते जब्बार पटेल. ज्यांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसविले ते. रंगभूमीच्या स्वातंत्र्याविषयी अशा मांडवात जे बोलावयाचे असते, ते बोलले गेले, आणि आम्ही टाळ्या वाजविल्या.

त्या टाळ्यांना महिनाही लोटला नव्हता. २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे ‘जब वी मेट’ नावाचे नाटक चालू होते. रामलीला करणाऱ्या नटांचे पडद्यामागे काय चालते, त्याची थट्टा हा त्याचा विषय. सीतेचे काम करणारे पात्र सिगारेट ओढते, तोंडाने शिव्या देते, असा आक्षेप घेऊन अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग मध्येच बंद पाडला. धक्काबुक्की झाली. धार्मिक भावना दुखावल्याच्या गुन्ह्याखाली विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली. पुढे जामीन मिळाला. दुसऱ्या दिवशी केंद्रात शिरून मोडतोड झाली, ती वेगळीच.

मग सुरू झाला प्रतिक्रियांचा पाऊस. एक पक्ष म्हणाला, हा देवाचा घोर अपमान आहे. दुसरा म्हणाला, हा कलास्वातंत्र्याचा खून आहे. दोन्हीकडचे पुष्कळ मी वाचले. पण ते नाटक कसे होते, हे त्यांत मला कोठेही सापडले नाही! विनोद जमला होता की फसला होता? सिगारेट गरजेची होती की टाळीसाठी घातलेली होती? लिहिणाऱ्याला रामलीलेतल्या गरीब नटाविषयी काही कळवळा होता की नुसता पोरकटपणा होता? कोणालाच ठाऊक नाही, कारण कोणी ते पुरे पाहिलेच नाही. प्रयोग बंद पाडणाऱ्यांनी पाहू दिले नाही, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांना पाहण्याची गरज वाटली नाही.

माझी तक्रार नेमकी येथे आहे. त्या दिवशी विद्यार्थ्यांचे नाटक हिरावले गेले, हे तर खरेच. पण माझा, म्हणजे प्रेक्षकाचा, ते नाटक वाईट म्हणण्याचा हक्कही हिरावला गेला. कदाचित ते टाकाऊ असेल. तसे असते तर लोकांनी जांभया दिल्या असत्या, प्राध्यापकांनी कान उपटले असते आणि ती पोरे पुढच्या वेळी शहाणी झाली असती. आता त्याला वाईट म्हणावे, तर मी दंडेलीच्या बाजूचा ठरतो, आणि चांगले म्हणावे, तर न पाहिलेल्या नाटकाची खोटी साक्ष देतो. ज्याने नाटक बंद पाडले त्याने टीकेचाही गळा दाबला. आणि आमच्या समीक्षकांनी हे ओळखण्याऐवजी, मार खाल्ला म्हणजे नाटक थोर, असा सोपा हिशेब मांडून टाकला. मार खाणे हा काही नाट्यगुण नव्हे!

आता थट्टेविषयी. आमच्या शेजारी बिहारातून आलेले एक गृहस्थ राहतात. चाकणच्या एका कंपनीत यंत्रावर काम करतात, भिंतीवर रामपंचायतन आहे, सकाळी उदबत्ती लावल्याशिवाय पाणी पीत नाहीत. तरुणपणी गावच्या रामलीलेत ते लक्ष्मण होत. मी त्यांना या प्रकाराविषयी विचारले. ते हसू लागले. “मास्टरजी, आमची सीता तर बिडी ओढायची,” ते म्हणाले. “गोठ्याच्या मागे. रावणाकडूनच मागून घ्यायची!” आणि लगेच हात जोडून म्हणाले, “पण मुकुट चढला की आम्ही तिच्या पाया पडत होतो.” सीतेची बिडी आणि सीतेच्या पाया पडणे, ही दोन्ही त्या माणसाच्या एकाच भक्तीत सुखाने नांदत होती. त्याच्या भावना दुखावल्या नव्हत्या. त्याला कोणी विचारलेही नव्हते.

आणि ही थट्टा आपल्याला का नवी आहे? गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. कोकणातली हौशी मंडळी महाभारताचे नाटक बसवितात आणि पांडव-कौरवांची त्रेधा उडते, हाच त्याचा विषय. मच्छिंद्र कांबळींनी ते गाजविले, पु. ल. देशपांड्यांनी वाखाणले, पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. आमच्या आयाबहिणी मध्यंतरात बटाटेवडा खाऊन पुन्हा हसावयास जाऊन बसत. त्यामुळे द्रौपदीवरची कोणाची श्रद्धा रतीभर उणी झाली काय?

त्याहून मागे जा. एकनाथमहाराजांच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते; सासरा परगावीच खपावा, सासूला लवकर उचलावे, नणंदेच्या पोराला खरूज व्हावी. आजच्या भाषेत याला काळा विनोद म्हणतात. आमच्या पंचक्रोशीत देहू आहे, आळंदी आहे. टाळकरी हे भारूड ऐकून हसतात आणि त्याच तोंडाने माउलीचे नाव घेतात. तमाशातल्या गवळणीत मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते. तुकोबांनी विठ्ठलाशी भांडताना त्याची भीड ठेविली नाही. पिंपरीच्या संत तुकारामनगरात आचार्य अत्रे यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. देवाशी भांडणारा संत आणि ‘बुवा तेथे बाया’ लिहून भोंदू बुवांची टर उडविणारा नाटककार एका पत्त्यावर नांदतात. नगराला नावे देण्यापुरती आमची उदारता शाबूत आहे!

काही सज्जन म्हणतात, “मास्तर, दुसऱ्या धर्माची अशी थट्टा करून दाखवा पाहू!” यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दंडेली कोणा एकाच धर्माची मिरास नव्हे. पण शेजारच्या घरात पोरांना हसण्याबद्दल मार बसत असेल, तर आपण आपल्या घरी वेताची छडी आणावी काय? आपले घर मोकळे होते, हीच तर आपली ऐट होती.

छडीवर भागतही नाही, हा अनुभव आहे. ‘घाशीराम’च्या वेळी आक्षेप नाना फडणविसांच्या चित्रणावर होता, १९ प्रयोगांनंतर ते नाटक त्याच्याच संस्थेने थांबविले, आणि नटमंडळींना थिएटर अकॅडमी ही वेगळी चूल मांडावी लागली. १९८० मध्ये ते युरोपात निघाले तेव्हाही वादळ उठले. तरी ते भांडण बॉम्बपर्यंत गेले नव्हते. ४ जून २००८ रोजी मात्र ठाण्याच्या गडकरी रंगायतनात ‘आम्ही पाचपुते’ या महाभारताची चेष्टा करणाऱ्या नाटकाच्या रागाने स्फोट झाला. सात माणसे जखमी झाली. त्याआधी ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता. २०११ मध्ये न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नाटक न पाहता न्याय करण्याची सवय लागली, की ती कोठवर जाते पाहा.

ज्याला खरोखर दुखते, त्याच्याशी माझे भांडण नाही. रामाचे नाव घेऊन ज्या माउलीने दारिद्र्यात दिवस काढले, तिला सीतेच्या हातातली सिगारेट टोचेल, टोचावीच. तिने उठून जावे. चारचौघांत लेखकाची खरडपट्टी काढावी. वर्तमानपत्राला पत्र लिहावे, फिर्याद लावावी. हे सारे प्रेक्षकाचे हक्क आहेत. प्रयोग बंद पाडणे हा हक्क नव्हे, कारण त्यात शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे डोळे आपण झाकतो.

आता शेवटी माझेच पाप सांगतो. त्या फेब्रुवारीनंतर आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या मुलांनी एक प्रहसन लिहून आणले. यमदूत एका कामगाराला न्यावयास येतो, पण पाळी बदलेपर्यंत त्याला फाटकावर ताटकळावे लागते, आणि चित्रगुप्ताचा हजेरीपट साराच चुकतो. मी पोट धरून हसलो. मग तांबडी पेन्सिल घेतली आणि चित्रगुप्त कापला. मला कोणी धमकी दिली नव्हती, कोणी पालक आला नव्हता. लिहिणाऱ्या मुलाने विचारले, “सर, हे वाईट झालंय का?” मी म्हणालो, “नाही रे, चांगलं आहे.” “मग?” त्याच्या या “मग?”ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ललित कला केंद्रात ज्यांनी नाटक बंद पाडले, त्यांना आमच्या शाळेपर्यंत येण्याची गरजच पडली नाही. त्यांचे काम मी केले.

यंदा ते प्रहसन मी पेटीतून काढले आहे. चित्रगुप्त परत आला आहे, मुलाला तालमीला बोलावले आहे. वाचकहो, डिसेंबरात संमेलन आहे, जरूर या. आवडले नाही तर मला तोंडावर सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त पडदा पडेपर्यंत बसा.