कोयता मुकादमाचा, मग जबाबदारी कुणाची?



तोडणी चालू असताना मजुराला साप चावला, किंवा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढताना पाय घसरला, की पहिलं वाक्य ठरलेलं: "तो आमचा माणूस नाही, मुकादमाचा हाय." कारखाना वाहतूकदाराकडं बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडं, आणि मुकादम उचल किती फिटली याचा हिशोब सांगतो. हे उत्तर आपण चालवून घेऊ नये, असं माझं मत आहे.

करार कुणाच्याही नावानं असो, हुकूम कुणाचा चालतो ते बघा. उसाची नोंद कारखान्याकडं. तोडीची पाळी शेतकी खातं ठरवतं. टोळी कुठल्या फडात घालायची ते चिटबॉय सांगतो. तोडणी-वाहतूक आपल्याच ऊसबिलाच्या हिशोबात धरली जाते. मग अपघात झाला की कारखाना परका कसा?

1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 12 हेच सांगत होतं. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी त्याच्या मजुराची भरपाई मूळ मालकानं द्यायची. मागनं ठेकेदाराकडून वसूल करायची. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सूत्र आहे. अडचण एकच. अपघात मालकाच्या कामाच्या किंवा ताब्यातल्या जागी झालेला पाहिजे. इथंच "फड शेतकऱ्याचा" ही पळवाट निघते. माझं म्हणणं, कारखाना तोडणी नेहमी करून घेतो ती जागा फडच की! पण हे कोर्टात भांडायला बीडवरनं आलेल्या कुटुंबाकडं ना वेळ, ना पैसा.

रक्कम किती, तेही बघा. जुन्या कायद्यात 2020 पासून महिना 15,000 रुपयांपर्यंत मजुरी धरली जायची. तेवढी मजुरी धरली, तर 30 वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई 15 लाख 59 हजारांवर जायची. आणि फडात मिटवामिटवी होते ती उचल माफ करून.

त्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई जखमी झाली तर ती कामावर होती हे दाखवायला कागदच नसतो.

आपण सहकारी कारखान्याचे सभासद आहोत. वार्षिक सभेत नुसतं दरावर बोलू नका, हेही मांडा:

1. टोळीतल्या प्रत्येकाचं, बाईचंसुद्धा, नाव कारखान्याच्या यादीत पाहिजे.
2. पहिली मोळी बांधायच्या आधी सगळ्यांचा अपघात विमा. टनामागं किती पडतं ते सभेपुढं ठेवा.
3. फडातला अपघात हा कामावरचाच अपघात, असं करारात लिहा.

आपलंही काम आहेच. उघडी विहीर, लोंबती तार टोळीला आधी दाखवा. अपघात झालाच तर तारीख, गट नंबर, गाडी नंबर लिहून ठेवा, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर "ऊस तोडताना" हे शब्द घालून घ्या. पुढं दाव्यात तेच कामाला येतात.

तुमच्या कारखान्याच्या करारात काय लिहिलंय, बघून सांगा.