फुटबॉल, पेठ आणि निष्ठा : कोल्हापूरचा बघ्या ‘आमचा’ कसा होतो?

१/ राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर येऊन बसलेल्या नवख्या माणसाला तटस्थ राहणे फार वेळ साधत नाही. शेजारचा गृहस्थ सहज विचारतो, “तुम्ही कुठलं?” येथे हा प्रश्न गावाविषयी नसतो, पेठेविषयी असतो. आजचा थ्रेड या प्रश्नामागच्या इतिहासाचा आहे आणि त्यावरून बनलेल्या माझ्या एका मताचाही.

२/ डॅनिएल फंक आणि जेफ जेम्स या अभ्यासकांनी २००१ साली प्रेक्षकाच्या प्रवासाचे चार टप्पे मांडले : ओळख, आकर्षण, जिव्हाळा, निष्ठा. खेळ कळतो, मग आवडतो, मग एखादा संघ आपला वाटू लागतो आणि अखेर तो सोडवत नाही. कोल्हापुरात ही शिडी उलटी टेकवलेली आहे. येथे निष्ठा आधी येते. ‘ऑफसाइड’ म्हणजे काय, हे पुष्कळ नंतर उमगते.

३/ याचे कारण संघांच्या नावांतच आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ... परगावच्या वाचकाला प्रश्न पडावा की कुस्तीच्या तालमीचा आणि फुटबॉलचा संबंध काय?

४/ छत्रपती शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो राजाश्रय दिला, त्याची भव्य खूण म्हणजे १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान. परंतु मैदानाइतकीच महत्त्वाची होती ती गल्लीगल्लीतील तालीम. हौद्यातली लाल माती, कट्टा, गणपती, मोहरमचे पंजे, पेठेतील तंटे, लग्नकार्य, मयत : सारे तिच्याशी बांधलेले. २०१८ आणि २०१९ साली गणेशोत्सव व मोहरम एकत्र आले, तेव्हा कोल्हापूरच्या तालमींतून गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसले. बाहेरच्यांना याचे अप्रूप वाटले. पेठांना ते वाटण्याचे कारण नव्हते.

५/ संस्थानकाळात फुटबॉल येथे रुजला तो या तयार भूमीत. संघासाठी समर्थक शोधावे लागले नाहीत. समर्थक आधीच होते, त्यांना फक्त नवा खेळ मिळाला.

६/ येथे एक फरक ध्यानात घ्यावा. कुस्ती अखेर एका पैलवानाची असते. लातूरकडून आलेले हरिश्चंद्र बिराजदार गंगावेस तालमीत घडले आणि कोल्हापूरने त्यांना डोक्यावर घेतले. पण पैलवान थकतो, निवृत्त होतो, मग त्याच्या आठवणी उरतात. संघ मात्र म्हातारा होत नाही. आजोबांनी ज्या नावासाठी घसा बसेपर्यंत आरोळ्या दिल्या, त्याच नावासाठी नातू देतो. कुस्तीच्या राजधानीत फुटबॉल इतका खोल का गेला, याचे एक उत्तर मला येथे दिसते.

७/ आता माझे मत. जिंकणारा संघ पाहून माणसे गोळा होतात, हे खरे आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकन विद्यापीठांत दाखवले की विजयानंतर विद्यार्थी ‘आम्ही’ जिंकलो म्हणतात, पराभवानंतर ‘ते’ हरले म्हणतात. मग ‘आम्ही हरलो’ असे म्हणणारा माणूस कोठून येतो? माझ्या मते तो विजयातून येत नाही, अंगावर पडलेल्या कामातून येतो. ज्याने वर्गणी मागत दारोदार हिंडून पाहिले, पताका बांधल्या, खेळाडूंचे बूट नि पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, त्याला ‘ते हरले’ म्हणताच येत नाही. तालीम बघ्याला बघ्या राहू देत नाही. ती त्याला काम सांगते.

८/ याची उलट बाजू पुण्यात दिसली. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी हा संघ आला. मोठे खेळाडू आले, बालेवाडीत सामने झाले, काही तरुणांनी त्याच्यावर मनापासून जीव लावला. २०१९ साली संघ बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्या तरुणांच्या प्रेमात खोट नव्हती. पण संघाच्या कारभारात त्यांचा हात कोठेच नव्हता, म्हणून तो जाताना त्यांना कोणी विचारले नाही. पाटाकडील तालीम उद्या दुसऱ्या शहरात हलवली जाईल, अशी कल्पना तरी करून पाहा!

९/ जन्माने मिळणारी निष्ठा म्हणजे संकुचितपणाच, असा आक्षेप येईल आणि तो हलका नाही. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आठवा : हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि ‘दि रेस्ट’. गांधीजींनी १९४० साली तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली, १९४६ साली ती बंद झाली. पेठेची निष्ठा मात्र धर्माची नव्हे, शेजाराची. भाड्याने राहायला आलेले कुटुंबही दोन गणेशोत्सवांत त्या पेठेचे होऊन जाते. ज्या दाराने परका आत येऊ शकतो, त्या दाराला मी संकुचित म्हणणार नाही.

१०/ तरीही पायऱ्यांवरची हुल्लडबाजी, मारामाऱ्या, थांबवावे लागलेले सामने हे कोल्हापूरच्या फुटबॉलचे खरे दुखणे आहे. त्यावर केवळ पोलीस बंदोबस्त वाढवणे मला अपुरे वाटते. तालमीचे नाव घेऊन दंगा करणाऱ्या पोराला तालमीत किती काम दिलेले असते, हे आधी तपासावे. दुसरीकडे बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही मोबदला देऊन आणले जातात. त्याला माझा विरोध नाही. बिराजदारही बाहेरचेच होते. पण ते तालमीच्या मातीत राहिले, वाढले. हंगामापुरत्या आलेल्या खेळाडूशी पेठेची ओळख तरी होते का?

११/ याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्यासारखी मुले ज्या वातावरणात वाढतात, त्याचा लेखी इतिहास फार थोडा आहे. तो वर्गणीच्या वह्यांत, मंडळांच्या अहवालांत आणि भिंतीवरच्या कृष्णधवल संघछायाचित्रांत विखुरलेला आहे. तुमच्या घरी तालमीची जुनी पावती, सामन्याचे पत्रक किंवा असे छायाचित्र असेल, तर मागच्या बाजूला नावे व साल लिहून ठेवा आणि त्याचा फोटो खाली जोडा. नावे सांगू शकणारे आजोबा घरात आहेत तोवर हे उरकून घ्या.